एका बुशेलचा हिशेब

सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेचे वाणिज्यमंत्री हॉवर्ड लुटनिक एका मुलाखतीत भारतावर चिडून बोलले. भारत आपल्याकडे १४० कोटी माणसं असल्याचं मिरवतो, मग ही माणसं आमचा एक बुशेल मका का विकत घेत नाहीत, असा त्यांचा सवाल होता. आपल्याकडे त्याची बातमी झाली, थोडी वादावादी झाली आणि विषय मागे पडला. मला मात्र तो सवाल अक्षरशः घ्यावासा वाटतो. माणशी एक बुशेल खरोखरच घेतला, तर काय होईल? कागद-पेन्सिल घेऊन बसलं की उत्तर मिळतं, आणि ते नाशिक जिल्ह्यातल्या प्रत्येक मका उत्पादकाने पाहावं असं आहे.

मक्याचा एक बुशेल म्हणजे ५६ पौंड, आपल्या मापात २५ किलो ४०० ग्रॅम. पन्नास किलोच्या पोत्याचा अर्धा भाग. एका घरापुढे ठेवला तर कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही. पण १४० कोटींनी गुणला की होतात ३,५५६ कोटी किलो, म्हणजेच ३ कोटी ५५ लाख ६० हजार टन.

आता आपलं पीक पाहू. २०२४-२५मध्ये भारतात मक्याचं विक्रमी उत्पादन झालं. कर्नाटक, मध्य प्रदेश, बिहार, महाराष्ट्र, तेलंगण अशी सगळी राज्यं आणि खरीप-रब्बी दोन्ही हंगाम धरून ते साधारण ४ कोटी ३० लाख टन भरलं. म्हणजे माणशी एक बुशेल अमेरिकी मका देशात उतरला, तर आपल्या शंभर पोत्यांपैकी ८२ पोत्यांना गिऱ्हाईकच उरणार नाही.

आणि हा मका पाठवून अमेरिकेच्या कोठारातलं किती कमी होईल? २०२४मध्ये तिथे सुमारे १,४९० कोटी बुशेल मका पिकला. त्यातले १४० कोटी म्हणजे दहावा हिस्साही नाही. पुढच्या वर्षी, २०२५मध्ये, त्यांचं पीक आणखी फुगलं. आदल्या वर्षापेक्षा झालेली ही नुसती वाढच पावणेदोनशे कोटी बुशेलहून जास्त होती. तिचे टन केले तर आकडा ४ कोटी ४० लाखांच्या पुढे जातो. भारतातला सगळा मका एका पारड्यात घातला आणि अमेरिकेच्या एका वर्षाची फक्त वाढ दुसऱ्या पारड्यात घातली, तरी दुसरं पारडं खाली जाईल. हा आकडा मी पुन्हा पुन्हा ताडून पाहिला.

साडेतीन कोटी टन धान्य डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून ते वाहनांत भरून बघू. धान्य वाहणारं मोठं जहाज साधारण ६० हजार टन नेतं. असली ५९३ जहाजं लागतील. वर्षभर, रात्रंदिवस, दर पंधरा तासांना एक जहाज धक्क्याला लागेल. तो माल वीस-वीस टनांच्या ट्रकमध्ये भरला तर ट्रक होतील १७ लाख ७८ हजार. एका ट्रकची लांबी १२ मीटर धरून ते एकामागे एक खेटून उभे केले, तर रांग २१ हजार किलोमीटरच्या वर जाईल. पृथ्वीचा घेर ४० हजार किलोमीटर आहे.

आता नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीचा वाटा काढू. तालुक्याची लोकसंख्या तीन लाखांच्या वर आहे. हिशेबाला तीन लाखच धरू. माणशी एक बुशेल म्हणजे ७६,२०० क्विंटल, ३८१ ट्रक. एकरी १५ क्विंटल ही देशाची सरासरी धरली, तर एवढा मका पिकवायला पाच हजार एकर लागतात. हे झालं एका तालुक्याच्या तोंडी येणाऱ्या वाट्याचं. पण माल असा तोंडं मोजून वाटला जात नाही. बंदरात एक जहाज लागलं की त्यातून सहा लाख क्विंटल उतरतात. ते ४० हजार एकरांचं पीक झालं. दोन-दोन एकर मका करणाऱ्या २० हजार शेतकऱ्यांचा अख्खा हंगाम, पेरणीपासून बिट्या काढून मळणी करेपर्यंतचा, एका जहाजाच्या पोटात मावतो.

दिंडोरी हे नाव बाहेरच्या माणसाला द्राक्षांमुळे माहीत असतं. तालुक्याच्या पश्चिमेला डोंगराच्या कुशीत भात, नागली, वरई. पूर्वेकडे काळ्या जमिनीत द्राक्षं, टोमॅटो, सोयाबीन, गहू, मका. करंजवण, वाघाड, पुणेगाव, ओझरखेड, पालखेड ही धरणं याच तालुक्यातली, आणि पालखेडच्या डाव्या कालव्याचं पाणी निफाड ओलांडून येवल्यापर्यंत जातं. दिंडोरी लोकसभा मतदारसंघात दिंडोरीबरोबर कळवण, चांदवड, निफाड, येवला, नांदगाव हे विधानसभा मतदारसंघ येतात. हा पट्टा राज्यातल्या मोठ्या मका पट्ट्यांपैकी एक आहे. इथे मका हे नुसतं पीक नाही, ती पुढच्या पिकाची भांडवल-उभारणी आहे. खरिपाचा मका दिवाळीच्या आसपास बाजार समितीत जातो आणि त्याच्या पैशावर उन्हाळ कांद्याची लागवड होते: रोपं, मजुरी, खतं. मका पडला की कांदा उसनवारीवर उभा राहतो. २०२५-२६साठी मक्याचा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये जाहीर झाला होता, आणि त्या दिवाळीनंतर जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत मका त्याच्या बराच खाली विकला गेला. तोही अमेरिकेचा एक दाणा आत आलेला नसताना.

समोरचा शेतकरी कोण आहे, तेही मोजायला हवं. अमेरिकेच्या २०२२च्या कृषिगणनेत १९ लाख शेतं नोंदली गेली, सरासरी ४६३ एकरांची. भारताच्या २०१५-१६च्या कृषिगणनेत साडेचौदा कोटींहून अधिक खातेदार आहेत, सरासरी १.०८ हेक्टरचे, महाराष्ट्रात १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. त्यांच्या एका सरासरी शेतात आपल्याकडची १४० खाती बसतात. कॅनडात, जिथून आपल्याकडे पिवळा वाटाणा येतो, ही सरासरी ८०९ एकर आहे. अमेरिकी शेतकरी हेक्टरी ११ टन मका काढतो, आपण साडेतीन टनांच्या आसपास. त्याचं बियाणं बहुतेक जनुकीय बदल केलेलं असतं, आणि तशा मक्याला आपल्याकडे लागवडीची परवानगीच नाही. मेहनतीत इकडचा माणूस कमी पडतो असं हे आकडे सांगत नाहीत. ते एवढंच सांगतात की ही दोन माणसं एका मैदानात उभी नाहीत.

बरं, एवढी जमीन असूनही तिथला शेतकरी बाजारावर एकटा सोडलेला नाही. अमेरिकेने २०२५मध्ये अनेक देशांवर आयातशुल्क लादलं, चिडलेल्या चीनने कित्येक महिने अमेरिकी सोयाबीनची खरेदी थांबवली आणि तिकडच्या शेतकऱ्यांचा माल पडून राहिला. भारताने मका घ्यावा, सोयाबीन घ्यावं हा आग्रह वाढला तो याच काळात. डिसेंबर २०२५मध्ये अमेरिकी सरकारने शेतकऱ्यांसाठी १२ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. रुपयांत ती एक लाख कोटींच्या वर जाते. १९ लाख शेतांवर नुसती सारखी वाटली तरी शेतामागे साधारण साडेपाच लाख रुपये येतात. आपल्याकडे पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,०००, मिळून १२ हजार. साडेपाच लाख व्हायला दिंडोरीच्या शेतकऱ्याला ४६ वर्षं लागतील. ती मदत एका झटक्याची होती. तिथल्या नेहमीच्या विमा आणि अनुदान योजना याहून वेगळ्या.

म्हणून आयातशुल्क. मक्यावर ते ५० टक्के आहे, गव्हावर ४० टक्के, पॉलिश केलेल्या तांदळावर ७० टक्के. त्याचं काम कसं चालतं ते मक्याच्याच हिशेबाने पाहू. २०२५च्या पावसाळ्यानंतर शिकागोच्या बाजारात मका बुशेलला चार-सव्वाचार डॉलरच्या घरात होता. ४ डॉलर २० सेंट आणि डॉलरला ८८ रुपये धरले, तर क्विंटलला साधारण १,४५५ रुपये. जहाजभाडं टनाला ५० डॉलर धरलं की आपल्या बंदरात तो १,९०० रुपयांच्या आसपास पडेल. ५० टक्के शुल्क लावलं की २,८५०. शुल्क १५ टक्क्यांवर आणलं की २,१८५. हमीभाव २,४००. शुल्काच्या या एका आकड्यावर, तो ५० आहे की १५ यावर, वर सांगितलेले २० हजार शेतकरी तरतात किंवा बुडतात. बंदरापासूनचा वाहतूक खर्च त्यात मिळवला तरी चित्र फारसं बदलत नाही, कारण मक्याचे मोठे ग्राहक असलेले पशुखाद्य आणि इथेनॉलचे कारखाने बंदराजवळचा माल उचलू लागले की येवल्या-लासलगावचा व्यापारी त्याच भावाशी तुलना करून बोली लावतो.

इथे एक गोष्ट फार कमी लोक ध्यानात घेतात. भाव पाडायला ५९३ जहाजं लागत नाहीत. धान्याच्या भावाचा स्वभावच असा आहे की थोड्या मालाने तो फार हलतो. इंग्लंडमध्ये १६९९ साली चार्ल्स डेव्हनंटने एक कोष्टक छापलं, जे ग्रेगरी किंग या त्याच्या समकालीन अभ्यासकाच्या नावाने ओळखलं जातं. पीक दहा टक्के घटलं तर धान्याचा भाव तीस टक्के चढतो, वीस टक्के घटलं तर ऐंशी टक्के, आणि निम्मं घटलं तर साडेचारशे टक्के. आकडे त्या काळचे आणि त्या देशाचे. पण कारण आजही तेच आहे. माणूस धान्य कमी-जास्त खात नाही, त्यामुळे मालाची जराशी कमतरता किंवा जराशी रेलचेल सगळा बोजा भावावर टाकते. उतरताना भाव असाच कोसळतो.

याचा महाराष्ट्राने अनुभव घेतलेला आहे. २०२१च्या ऑगस्टच्या सुरुवातीला सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं होतं. कोंबडीखाद्य महागलं म्हणून कुक्कुटपालन उद्योगाने सरकारकडे दाद मागितली, आणि २४ ऑगस्टला केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आणायला परवानगी दिली. ती उतरवायची ठिकाणं दोन ठरवली होती, त्यातलं एक आपलं न्हावाशेवा. ऑक्टोबरात शेतकऱ्याचं नवं सोयाबीन बाजारात आलं तेव्हा भाव पाच हजारांच्या आसपास होता. नवा माल येताना भाव थोडा उतरतोच, हे खरं. पण निम्म्यावर येत नाही. १२ लाख टनांना १४० कोटींनी भागा. माणशी ८५७ ग्रॅम. किलोभरही नाही. आणि त्यातली सगळी पेंड तोवर आलेलीही नव्हती. 

हेच माप पिवळ्या वाटाण्याला लावून पाहा. २०१७च्या नोव्हेंबरात त्यावर ५० टक्के शुल्क होतं. २०१९च्या डिसेंबरात तर किलोला २०० रुपयांची किमान आयात किंमत लावून दार जवळजवळ बंदच केलं होतं. डिसेंबर २०२३मध्ये शुल्क एकदम शून्य झालं आणि ते जवळपास दोन वर्षं शून्यच राहिलं. २०२४-२५मध्ये २० लाख टनांहून अधिक वाटाणा आला; माणशी दीड किलोच्या जवळपास. हा वाटाणा डाळीत मिसळतो, बेसनात जातो, फरसाणाच्या कढईत जातो, आणि जिथे जिथे जातो तिथे हरभऱ्याची जागा घेतो. त्याच वर्षी सगळ्या डाळी-कडधान्यांची आयात ७० लाख टनांच्या वर जाऊन विक्रम झाला. तुरीला तर २०२१च्या मे महिन्यापासून दार उघडंच आहे, मुदत संपत आली की पुढची मुदत जाहीर होते.

मक्याच्या बाबतीत २०२४च्या जूनमध्ये सरकारने १५ टक्के सवलतीच्या शुल्काने ४ लाख ९८ हजार ९०० टन आणायची मुभा दिली होती. माणशी ३५६ ग्रॅम. तेव्हा इथेनॉलमुळे मका खरोखरच महाग होता, आणि कोंबडीच्या खाद्यात निम्म्याहून अधिक मका असतो, हेही खरं. नाशिक जिल्ह्यात कुक्कुटपालन करणारी हजारो घरं आहेत. तीही शेतकऱ्यांचीच आहेत. टंचाईत मोजका माल मोजक्या मुदतीत आणायला माझा विरोध नाही. पण आकड्यांचा क्रम पाहा: मक्याचे ३५६ ग्रॅम, पेंडेचे ८५७ ग्रॅम, वाटाण्याचा दीड किलो. आणि समोरून मागणी आहे ती २५ किलो ४०० ग्रॅमची. ८५७ ग्रॅमच्या परवानगीने सोयाबीनची काय गत झाली, ते लातूर, अकोल्यापासून दिंडोरीपर्यंत सगळ्यांनी पाहिलं आहे.

या देशाने एकदा खरोखरची सहाशे जहाजं पाहिली आहेत. १९६५-६६च्या दुष्काळात अमेरिकेने आपल्या गव्हाचा पाचवा हिस्सा भारताकडे पाठवला. पीएल-४८० कराराखालचा तो गहू आणायला सुमारे ६०० जहाजं लागली होती. वर केलेल्या हिशेबात ५९३ आली, हा योगायोग आहे, पण त्याने माझ्या अंगावर काटा आला. तेव्हाची जहाजं लहान होती, माल कोटभर टन होता आणि लोक उपाशी होते, म्हणून तो गहू आला हे योग्यच झालं. परंतु त्याला दोन बाजू होत्या. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन एकेक खेप स्वतः अडवून धरत, भारताने शेतीधोरण बदलावं आणि व्हिएतनाम युद्धावर टीका करू नये म्हणून. आणि स्वस्त गव्हाची सवय लागलेल्या वर्षांत इथल्या शेतकऱ्याला भाव देण्याची गरजच कुणाला वाटेनाशी झाली. पुढे नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६०मध्येच लिहून ठेवलं होतं की असं स्वस्तात आलेलं धान्य घेणाऱ्या देशातल्या शेतीला मारक ठरू शकतं. महाराष्ट्रात १९७२च्या दुष्काळातली रेशनची लाल मिलो ज्वारी अजून ज्यांना आठवते त्यांच्यापाशी याचा विषय काढून पाहा. ज्वारीच्या प्रदेशात परदेशी ज्वारी खायची वेळ आली होती.

बाहेर काय झालं तेही सांगायला हवं. मका मुळात मेक्सिकोचा. तिथल्या शेतकऱ्यांनी रानगवतापासून हजारो वर्षं निवडून निवडून तो घडवला. १९९४मध्ये अमेरिकेशी मुक्त व्यापाराचा करार झाला, तेव्हा मक्यावरचं संरक्षण १५ वर्षांत हळूहळू काढायचं ठरलं होतं. कोट्यापेक्षा जास्त येणाऱ्या मालावर शुल्क घेण्याचा हक्क असूनही मेक्सिकोच्या सरकारने तो बहुतेक वर्षं वापरलाच नाही. शहरात मका स्वस्त राहावा, एवढाच विचार. आज मेक्सिको वर्षाला दोन कोटी टनांहून अधिक मका अमेरिकेकडून घेतो. हैतीची गोष्ट याहून करुण आहे. १९९५मध्ये त्या गरीब देशाने तांदळावरचं शुल्क ३ टक्क्यांवर आणलं आणि अमेरिकी तांदळाने तिथली भातशेती मोडली. ते करून घेणारे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी २०१०मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर स्वतः मान्य केलं की आपल्या अर्कान्सासच्या काही शेतकऱ्यांचं त्याने भलं झालं असेल, पण ती चूक होती आणि हैती स्वतःपुरता तांदूळ पिकवण्याची ताकद गमावून बसला. दिंडोरीच्या पश्चिमेकडच्या भात खाचरांत उभं राहून ही गोष्ट आठवली की बरं वाटत नाही.

याउलट जपान. ठरलेल्या कोट्याबाहेरच्या तांदळावर त्याचं शुल्क किलोला ३४१ येन आहे. आजच्या दराने किलोला दोनशे रुपयांच्या आसपास, नुसतं शुल्क. आपल्या मक्यावरचं ५० टक्के शुल्क वरच्या हिशेबाने किलोला साडेनऊ रुपये भरतं. श्रीमंत, निर्यातीवर जगणारा, व्यापाराची भाषा जगाला शिकवणारा देश आपल्या शेतकऱ्याच्या तांदळासाठी दोनशे रुपये उभे करतो, आणि आपल्या साडेनऊ रुपयांना आडमुठेपणा म्हटलं जातं.

आपलेही हात या व्यवहारात अगदी कोरे नाहीत. भारत वर्षाला दोन कोटी टनांच्या आसपास तांदूळ निर्यात करतो, जगाच्या तांदूळ व्यापाराच्या सुमारे ४० टक्के. आपला स्वस्त तांदूळ पश्चिम आफ्रिकेतल्या एखाद्या भात उत्पादकाच्या दारात जहाजाने उतरतो, तेव्हा त्याचाही असाच हिशेब बिघडत असणार. त्याच्या सरकारने शुल्क लावलं तर मला ते समजेल. आणि दिंडोरीला तर शुल्काची दुसरी बाजूही ठाऊक आहे. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकऱ्यांच्या कंपनीतून इथली द्राक्षं युरोपात जातात, तर बांगलादेशाने द्राक्षांवरचं शुल्क चढवलं तेव्हा तिकडे जाणारा माल नाशिककरांना इथेच पडेल भावात विकावा लागला. एकाच शेतकऱ्याला बांधाच्या या बाजूला द्राक्षांसाठी उघडं दार हवं असतं आणि त्या बाजूला मक्यासाठी बंद. यात मला विसंगती दिसत नाही. अमेरिका, जपान, युरोप सगळे हेच करतात.

विसंगती आहे ती दुसरीकडे. डिसेंबर २०२३च्या एकाच आठवड्यात केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि पिवळ्या वाटाण्याची आयात खुली केली. ज्याचा भाव बाहेर मिळत होता तो माल घरात कोंडला, ज्याचा भाव घरात मिळत होता त्यावर बाहेरचा माल ओतला. पाच महिन्यांनी, २०२४च्या मे महिन्यात, दिंडोरी मतदारसंघाने मतदान केलं. तिथून केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार एक लाखांहून अधिक मतांनी हरल्या आणि भास्कर भगरे हे शिक्षक निवडून आले. कांद्याने हरवलं असं सगळे म्हणाले, आणि ते खरंच होतं.

ही तक्रार या मातीत जुनी आहे. १९८०च्या नोव्हेंबरात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने कांदा आणि उसाच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यात मुंबई-आग्रा रस्ता अडवला. जोशी पुढे खुल्या व्यापाराचे खंदे समर्थक झाले, जागतिक व्यापार कराराच्या डंकेल प्रस्तावाच्या बाजूने उभे राहिले. आयातशुल्काची भिंत हा त्यांचा मार्ग नव्हता. पण ज्या रोगावर त्यांनी बोट ठेवलं तो अचूक होता. सरकार शेतकऱ्याला देतं त्याहून जास्त भाव पाडून काढून घेतं, त्याला ते उणे सबसिडी म्हणत. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या २०१८च्या अहवालाने त्यावर आकडा ठेवला: २०००-०१ ते २०१६-१७ या काळात निर्यातबंदी, साठामर्यादा आणि अशाच धोरणांमुळे भारतीय शेतकऱ्याचं शेतीतलं ढोबळ उत्पन्न दर वर्षी सरासरी १४ टक्क्यांनी कमी राहिलं. अर्थतज्ज्ञ अशोक गुलाटी यांनी त्याची बेरीज २०१७-१८च्या किमतींनी मांडली, ४५ लाख कोटी रुपये. त्यात पंचेचाळीसवर बारा शून्यं आहेत. जोशी हयात असते तर त्यांनी दोन्ही दारं उघडा म्हटलं असतं. बाहेर जाणारं दार उघडं असावं, हे मला पटतं. आत येणाऱ्या दाराबाबत मी त्यांच्याशी सहमत नाही, कारण तिकडे ४६३ एकर आणि एक लाख कोटींची मदत उभी आहे.

माझं मागणं मोठं नाही. हमीभाव सुचवणाऱ्या कृषिमूल्य आयोगानेच पूर्वी सुचवलेलं आहे की आयात मालाची बंदरातली किंमत हमीभावाच्या खाली येऊ नये, असं शुल्क ठेवावं. मक्याच्या ५० टक्क्यांत ते आज बसतं, म्हणून त्याला कुणाच्याही आग्रहाखातर हात लावू नये. वाटाण्यात ते बसत नाही. नोव्हेंबर २०२५पासून त्यावर ३० टक्के शुल्क आलं, त्याआधीच्या शून्यापेक्षा खूपच बरं. पण टनाला ४०० डॉलर धरले तर वाटाणा बंदरात क्विंटलला ३,५२० रुपयांना पडतो, शुल्कासह ४,५७६. २०२६-२७च्या विक्री हंगामासाठी हरभऱ्याचा हमीभाव आहे ५,८७५. क्विंटलमागे १,२९९ रुपयांची फट तशीच राहते. ती बुजवायला किमान आयात किंमत हा उपाय देशाने याच वाटाण्यावर २०१९मध्ये वापरलेला आहे, किलोला २०० रुपये. तेवढी आज कुणी मागत नाही. किलोला ५८ रुपये ७५ पैसे पुरेसे आहेत, फेब्रुवारीत हरभऱ्याची सोंगणी सुरू होण्याआधी जाहीर झाले तर.